उंबऱ्यापर्यंत गेलेले अर्थशास्त्र

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीविषयी जे आकडे उपलब्ध होते ते बहुतांशी सरकारी दफ्तरात आणि सरकारी कामापुरते तयार झालेले होते. सारा किती वसूल झाला, आणेवारी किती लागली, मुंबई बंदरातून किती कापूस बाहेर गेला, हे त्यांतून कळे. पण वर्षभर राबून एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या हाती काय उरते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दफ्तरात नव्हते. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, गणेश व्यंकटेश जोशी आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारचेच आकडे सरकारवर उलटवून मोठे काम केले, तरी त्यांची धाव त्या आकड्यांच्या कुंपणापर्यंतच होती. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या दोन गावांची घरोघर पाहणी करून १९१७ आणि १९२१ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्या कुंपणापलीकडे काय दिसते याची पहिली कल्पना अभ्यासकांना आली. मात्र हे काम एका व्यक्तीच्या चिकाटीवर उभे होते. ते पिढ्यान्‌पिढ्या चालू राहायचे तर त्यासाठी संस्था हवी होती.

ती संस्था ६ जून १९३० रोजी पुण्यात स्थापन झाली. गोखल्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या भारत सेवक समाजाला साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली आणि तिच्यातून ‘गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था’ उभी राहिली. समाजाचे ग्रंथालय संस्थेला लाभले आणि संचालक म्हणून धनंजयराव गाडगीळ आले. केंब्रिजमध्ये लिहिलेला, हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते संचालकपदावर होते. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा, म्हणजे स्वतःच्या नावाने पदव्या देण्याचा अधिकार, १९९३ मध्ये मिळाला. पण संशोधन, पदव्युत्तर अध्यापन आणि सार्वजनिक प्रश्नांवरील व्याख्याने ही तिन्ही कामे तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र नांदत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य’ हे विवेचन केले ते २९ जानेवारी १९३९ रोजी याच संस्थेच्या वार्षिक समारंभात.

पहिल्या काही वर्षांतील पाहण्यांचे विषय पाहिले तरी संस्थेची नजर कुठे होती ते कळते. पुण्यातील फळबाजाराची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची १९३५ मध्ये. राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १९४८ च्या जूनमध्ये. त्याआधी तेरा वर्षे कुणीतरी खाजगी बसगाड्यांचे भाडे, फेऱ्या आणि खर्च यांची शास्त्रशुद्ध नोंद करून ठेवली होती, ही गोष्ट आजही कौतुकाची वाटते. अशा विषयांना त्या काळी कोणी थोर मानत नसे. अर्थशास्त्र म्हणजे चलन, हुंडणावळ आणि जकात, असाच सर्वसाधारण समज होता.

वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये आली. शेती हा ‘व्यवसाय’ मानून त्याचा ताळेबंद मांडायचा म्हटले की पहिल्याच पानावर एक अवघड प्रश्न उभा राहतो. बी-बियाणे विकत आणले, सालगड्याला साल दिले, सारा भरला, हे रोखीचे खर्च सरळ आहेत. पण घरच्या बाईने केलेली खुरपणी, म्हाताऱ्याने केलेली राखण, गोठ्यातले शेणखत, बांधावरचा चारा आणि घरच्याच बैलजोडीची नांगरट यांचे मोल कसे धरायचे? ते गावातल्या मजुरीच्या दराने धरले तर बहुतेक कोरडवाहू शेती तोट्यात निघते, आणि मुळीच धरले नाही तर तीच शेती नफ्यात दिसते. या घरच्या श्रमांना आणि साधनांना बाजारभावाने लावलेल्या किमतीला अर्थशास्त्रात ‘आरोपित मूल्य’ म्हणतात, कारण ते कोणी कोणाला दिलेले नसते, हिशेबासाठी त्यावर आरोपित केलेले असते. शेतमालाच्या हमीभावाच्या वादात आज उत्पादनखर्चाच्या ज्या निरनिराळ्या व्याख्या ऐकू येतात, त्यांच्यातील मुख्य भेद याच प्रश्नाच्या उत्तरातून निघालेला आहे. शेतकऱ्याच्या घरी हिशेबाची वही नसते, म्हणून पाहणी करणाऱ्याला ओसरीवर बसून, मागच्या हंगामाची आठवण काढायला लावून, पायली-मण आणि कडब्याच्या पेंढ्या यांचे रुपयांत रूपांतर करावे लागते. या कामाला जो संयम लागतो तो पुस्तकातून येत नाही.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील १९४८ चा अहवाल हा या परंपरेतील विशेष महत्त्वाचा टप्पा म्हणावा लागेल. अहमदनगर भागातील हे कालवे दुष्काळनिवारणाच्या हेतूने काढलेले होते आणि पाणीपट्टीच्या उत्पन्नातून त्यांच्या भांडवलावरचे व्याजही नीट सुटत नाही, म्हणून सरकारी हिशेबात अशी कामे आतबट्ट्याची ठरत. गाडगीळांनी हिशेबाची चौकटच बदलली. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याच्या उत्पन्नात पडलेली भर हा ‘प्रत्यक्ष लाभ’. पण ऊस आला की तोडणीला मजूर लागतात, गाडीवानाला खेपा मिळतात, गुऱ्हाळे पेटतात, बाजारपेठ वाढते, सरकारला इतर करांतून जास्त पैसा मिळतो आणि दुष्काळात मदतकार्यांवरचा खर्च वाचतो, हे सारे ‘अप्रत्यक्ष लाभ’. दोन्ही मोजायचे तर कालव्याखालच्या आणि त्याच्या शेजारच्या कोरडवाहू मुलखाची तुलना करावी लागते, कारण पाणी आले नसते तर काय झाले असते याचे उत्तर देणारा तोच एक साक्षीदार असतो. सार्वजनिक प्रकल्पाचा समाजाला होणारा एकूण लाभ आणि खर्च यांचा ताळा घालण्याच्या पद्धतीला पुढे जगभर शास्त्राचे रूप आले. ती पद्धत नगरच्या शेतांत त्याआधीच हाताळली जात होती, हे मराठी वाचकाला अभिमानाने सांगायला हरकत नाही.

याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झाले. पाण्याचा पैसा कुठे जातो हे ज्याने मोजले होते, त्यानेच तो उत्पादकाच्या हाती कसा राहील याची व्यवस्था उभारण्यात हात घातला. अभ्यासक आणि शेतकरी यांच्यातले हे सहकार्य कोणत्याही करारावर लिहिलेले नव्हते, तरी संस्थेच्या सर्व सहकार्यांत ते बहुधा सर्वांत फलदायी ठरले. रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या संचालन समितीतही गाडगीळ होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांकडून आलेला सुमारे ७० टक्के होता, ही त्या पाहणीतून बाहेर आलेली गोष्ट पुढील सहकारी धोरणाचा पायाच ठरली.

खेड्यांइतकेच लक्ष संस्थेने शहराकडे दिले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत, १९४५ आणि १९५२ मध्ये, प्रसिद्ध झाली. मूळ पाहणी १९३० च्या दशकातली होती आणि मधल्या काळात महायुद्ध, दारूगोळ्याचे कारखाने, फाळणीनंतर आलेले निर्वासित यांनी शहर पार बदलले होते, तेव्हा नी. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजगार आणि कमाई यांच्या बदललेल्या स्वरूपावर लक्ष ठेवून शहराची फेरपाहणी केली आणि ती १९५६ मध्ये छापली. एकदा पाहणी करून अहवाल काढणारे पुष्कळ असतात. त्याच ठिकाणी पुन्हा जाऊन, तेच प्रश्न विचारून, बदल मोजणारे थोडे. फेरपाहणीत नवे काही ‘शोधल्याचे’ श्रेय मिळत नाही, म्हणून ती टळत जाते, आणि त्यामुळे समाज कसा बदलला याविषयी ठाम पुराव्याऐवजी मतेच फार जमा होतात.

पाहण्यांचा व्याप वाढला तसा नमुना निवडण्याचा प्रश्न पुढे आला. शितावरून भाताची परीक्षा करता येते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण भांडे नीट ढवळलेले नसेल तर वरचे शीत शिजलेले आणि तळाचे करपलेले असू शकते. नमुना-पाहणीचे सारे शास्त्र या ढवळण्यात आहे: गावातील प्रत्येक घराला, पाटलाच्या वाड्याला आणि वेशीबाहेरच्या खोपटालाही, निवडले जाण्याची आधी ठरलेली संधी असली पाहिजे, आणि कोणते घर निवडायचे हे पाहणी करणाऱ्याच्या सोयीवर असता कामा नये. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेबरोबर पुण्याच्या या संस्थेचाही तिच्या पहिल्या फेरीशी संबंध आला. तिच्यातील ‘पुणे अनुसूचीं’वरील वि. म. दांडेकर यांचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुसूची म्हणजे पाहणी करणाऱ्याने स्वतः भरायचा, ठराविक क्रमाने प्रश्न मांडलेला तक्ता.

गाडगीळ आणि दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावर केलेल्या दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ चा आहे. शिक्षणशास्त्रात ‘अपव्यय’ म्हणजे अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच मुलाने शाळा सोडणे आणि ‘स्थगिती’ म्हणजे एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडणे. पटसंख्येवरून या दोहोंतला फरक दिसत नाही, कारण पहिलीत शंभर नावे आणि चौथीत तीस नावे एवढेच पट सांगतो. मधली सत्तर मुले शेतावर गेली, नापास होऊन मागे राहिली, की त्यांतली काही पहिलीत दुसऱ्यांदा मोजली गेली, हे कळण्यासाठी एकेका मुलाचा मागोवा घ्यावा लागतो. शाळा हा विषय अर्थशास्त्रज्ञाने असा हातात घ्यावा, ही त्या काळात नवीच गोष्ट होती.

कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी मात्र अधिक झोंबणारी निघाली. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिले होते, खंडावर मर्यादा घातली होती आणि जमीनमालकाला मनास येईल तेव्हा कूळ काढता येणार नाही अशी तरतूद केली होती. दांडेकर आणि खुदानपूर यांनी ही पाहणी केली आणि १९५७ मध्ये तिचा अहवाल लिहिला. कायदा लागू झाल्यानंतरच्या वर्षांतही कुळे मोठ्या प्रमाणात बदलली गेली होती आणि जमिनी मालकांच्या वहिवाटीत परत गेल्या होत्या, असे त्यांना आढळले. यातल्या पुष्कळ प्रकरणांत बेदखली अशी कागदावर नव्हतीच, कारण कुळाने स्वखुशीने ‘राजीनामा’ दिल्याचे दाखवलेले होते. पाच-दहा बिघ्यांवर पोट असणारा माणूस आपण होऊन जमीन सोडतो, ही स्वखुशी कसली असते ते गावात सर्वांना ठाऊक असते. दफ्तरात मात्र ती सही-अंगठ्यानिशी नोंदलेली असते. व्यवहारात हा कायदा जणू अस्तित्वातच नव्हता, या आशयाचा निष्कर्ष अहवालाने संकोच न ठेवता मांडला. पाहणीचा खरा उपयोग इथे दिसतो: जो कायदा राज्यकर्त्यांना प्रिय होता, ज्याच्या हेतूविषयी अभ्यासकांनाही सहानुभूती होती, त्याच्याविषयी घराघरांतून आलेले उत्तर जसेच्या तसे छापले गेले.

असे निर्भीडपण टिकवणे सोपे नसते, कारण संशोधनाला पैसा लागतो आणि तो बहुधा ज्यांच्या कामाचे मूल्यमापन करायचे त्यांच्याकडूनच येतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९५४ मध्ये देशात जी पहिली कृषी-आर्थिक संशोधन केंद्रे काढली त्यांतले एक गोखले संस्थेत आले. लोकसंख्या संशोधन केंद्रही संस्थेत चालत आले आहे, आणि त्या क्षेत्रात कुमुदिनी दांडेकर यांचे काम मोलाचे आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेकडे स्त्रियांना मिळणाऱ्या कामाच्या दृष्टीने पाहणारे त्यांचे पुस्तक १९८३ चे. नियोजन आयोग, रिझर्व्ह बँक, परदेशी प्रतिष्ठाने यांच्याशीही संस्थेचे संबंध येत राहिले. पाहणीचे टिपण, मूळ तक्ते आणि निष्कर्ष छापण्याचा हक्क संस्थेकडे राहिला तरच अशा सहकार्यात अभ्यासकाचे अभ्यासकपण शिल्लक राहते.

संस्थेच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडला गेलेला अभ्यास म्हणजे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’. फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने झालेला हा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन हप्त्यांत आला, आणि पुढच्या दोन महिन्यांत ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर देशाची निवडणूक झाली. किमान जीवनमानाचा प्रश्न त्याआधीही निघाला होता. १९६२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने, ज्यात गाडगीळ होते, दरमहा दरडोई २० रुपये ही किमान गरज मानली होती. दांडेकर-रथ यांनी या रेषेला अन्नाचा पाया दिला. माणसी दररोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरून, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांत कोणत्या खर्चाच्या पातळीवरची कुटुंबे प्रत्यक्षात तेवढे अन्न खातात ते त्यांनी शोधले. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. २,२५० उष्मांकांचे धान्य विकत घ्यायला किती पैसे पुरतील, एवढाच हा हिशेब नव्हता. मीठमिरची, सरपण, लुगडे-धोतर, लग्नाकार्यातला आहेर आणि औषधपाणी हे सगळे सांभाळून ज्या घरात तेवढे अन्न शिजते, त्या घराचा एकूण खर्च म्हणजे त्यांची रेषा. १९६०-६१ च्या किमतींना ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली, म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे आणि शहरात बारा आणे. एवढी किमान रक्कमही ज्यांच्या वाट्याला येत नव्हती अशी माणसे ग्रामीण लोकसंख्येत सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येत सुमारे ५० टक्के निघाली.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे होती. साठच्या दशकात जी काही वाढ झाली तिचा लाभ वरच्या थरांना अधिक मिळाला होता, खेड्यातील तळचा थर जवळजवळ जागीच होता आणि शहरातील तळच्या थराची स्थिती तर खालावली होती. जमिनीचे फेरवाटप केले तरी सर्वांना पोटापुरती शेती देण्याइतकी जमीनच नाही, म्हणून सरकारने मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढून मागेल त्याला किमान वेतनाचे काम द्यावे, असा त्यांचा मुख्य उपाय होता. त्यावर डावीकडून आणि उजवीकडूनही कडाडून टीका झाली. पण रेषा आखल्यामुळे वाद निदान मोजता येण्याजोग्या गोष्टीवर होऊ लागला.

त्यातला एक वाद पुण्यातच रंगला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेले सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, एकाच निरोगी माणसाची उष्मांकाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर स्वतःला मर्यादेत जुळवून घेते. त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानला तर भुकेचा आकडा फुगतो. दांडेकरांचे उत्तर असे की, जे जुळवून घेणे नाइलाजाने घडते त्याला पुरेसे पोषण म्हणता येणार नाही. दोघेही सातारा जिल्ह्याचे, दोघेही आकड्यांचे पक्के, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी चाललेला हा वाद आजही उष्मांकाच्या रेषेविषयी बोलताना टाळता येत नाही.

दांडेकरांच्या आणखी एका विचाराचा परिणाम तर आज प्रत्येक खरिपात गावोगाव जाणवतो. १९७२-७३ मध्ये गुजरातमधील एच-४ कापसापासून देशात पीकविम्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजले जाई. १९७८-७९ पर्यंत त्यात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्त्यांपोटी ४.५४ लाख रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी ३७.८८ लाख द्यावे लागले. एकेका शेतातील नुकसान निसर्गाने झाले की हयगयीने, हे ठरवायला अधिकारी पुरणार नाहीत आणि ज्याचे पीक बुडण्याचा संभव अधिक तोच विमा घेईल, ही अडचण ओळखून दांडेकरांनी १९७६ मध्ये ‘क्षेत्र’ हा घटक सुचवला. सारख्या हवामानाच्या एका टापूत नियमानुसार निवडलेल्या प्लॉटांवर पीककापणी प्रयोग करायचे, त्यावरून टापूचे सरासरी उत्पन्न काढायचे आणि ते ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाखाली गेले तर टापूतील सर्व विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्यायची. १९७९ ची पथदर्शी योजना आणि १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना या तत्त्वावर आल्या. आजच्या पंतप्रधान पीकविमा योजनेतही मुख्य आधार तोच आहे, आणि महाराष्ट्रात तो घटक म्हणजे महसूल मंडळ.

या पद्धतीने विमा लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोचला. मात्र ओढ्याकाठच्या ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन एका रात्रीत वाहून गेले आणि ज्याच्या मंडळातील कापणी प्रयोग माळावरच्या चांगल्या प्लॉटात झाले, त्याला मंडळाची सरासरी बरी आली म्हणून सरासरीच्या हिशेबात काही मिळत नाही. शेताचे नुकसान आणि टापूची सरासरी यांतील ही तफावत शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘आधार-जोखीम’ म्हणून ओळखली जाते, आणि ती कमी करायची तर घटक लहान करावा लागतो, म्हणजे कापणी प्रयोग वाढवावे लागतात, म्हणजे पुन्हा अधिक माणसे, अधिक बांध आणि अधिक नोंदी. काही योजनांत स्थानिक आपत्तीसाठी शेतपातळीवर पंचनाम्याची सोय ठेवली गेली. तिथे पुन्हा एकदा कोणीतरी वही घेऊन त्या एका शेताच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते.